गादी झिजलीय? मग वरच्या-खालच्या मणक्याकडेपण बघा

आईच्या एमआरआयमध्ये एल-वन एल-टूची, म्हणजे कमरेच्या वरच्या दोन मणक्यांमधली गादी (डिस्क) झिजलेली निघाली तेव्हा आम्ही सगळे गादीच्याच मागे लागलो, पट्टा, शेक, मलम, आणि शेजारच्या मणक्याचं काय हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. पुढे एकदा ओट्याखालून 10 किलोची पिठाची पिशवी ओढताना तिच्या पाठीत कट्‌कन झालं आणि मणका पुढून चेपला. म्हणून ठाण्यातल्या ज्यांच्या घरी असं पेशंट आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी हे का होतं ते बघा. चांगल्या गादीच्या मधे पाणीदार गर असतो, तरुणपणी जवळपास 80 टक्के पाणीच, त्यामुळे भार मणक्यावर सगळीकडे सारखा पसरतो. गर सुकला, गादी बसली, की सरळ उभं असताना बराच भार मागच्या छोट्या सांध्यांवर जातो आणि मणक्याच्या पुढच्या भागाला कामच उरत नाही. काम नाही म्हणजे हाड विरळ होत जातं, आणि मग माणूस खाली वाकला की तोच भार एकदम त्या विरळ झालेल्या भागावर येतो. म्हणून तो पाचरीसारखा पुढूनच चेपतो.

आता डेक्साचं, म्हणजे हाडं किती घट्ट आहेत ते मोजणाऱ्या स्कॅनचं, कारण इथे फसायला होतं. त्यात येणारा आकडा, टी-स्कोअर, -2.5 किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ झालीत, पण समोरून काढलेल्या कमरेच्या स्कॅनमध्ये मागचे सांधे आणि वाढलेलं हाडपण मोजलं जातं, त्यामुळे आकडा उगाच चांगला दिसू शकतो. खुब्याचा आकडा बघाच, आणि डॉक्टरांना विचारून पाठीचा बाजूने एक एक्स-रे काढून घ्या.

घरात पीठ, तांदूळ, कुकर सगळं कंबरेच्या उंचीवर आणा. खालचं काही उचलायचंच असेल तर एक गुडघा टेकवून, वस्तू पोटाशी धरून, पाठ गोल न करता. हाड विरळ असेल तर पश्चिमोत्तानासन आणि पायाचे अंगठे पकडायचे प्रकार बंद, मी यावर खूप भांडलेय घरी. चालणं मात्र सोडू नका, आम्ही सकाळी कचराळी तलावाला जातो, आणि पाठीचे व्यायाम फिजिओला विचारूनच. घोडबंदर रोडला बसमध्ये शेवटच्या सीटवर बसवू नका, खड्ड्यात सगळ्यात मोठा दणका तिथेच बसतो.

पायातली ताकद गेली, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता लगेच हॉस्पिटल.

आणि उंची मोजा. आमच्या किचनच्या दाराला पेन्सिलच्या खुणा आहेत, दर 6 महिन्यांनी आईला अनवाणी, टाचा भिंतीला लावून उभी करते. आधीच्या खुणेपेक्षा 2 सेंमी किंवा जास्त खाली आली तर दुखत नसलं तरी एक्स-रे, कारण चेपलेला मणका कधीकधी दुखतच नाही.