२४ तासांचं बीपी मोजताय? या चुका टाळा

दंडाला पट्टा, कमरेला छोटं मशीन. दिवसा दर १५ ते ३० मिनिटांनी आणि रात्री साधारण अर्ध्या तासाने पट्टा आपोआप फुगतो. दवाखान्यात डॉक्टरांसमोर बीपी वाढतं पण घरी नॉर्मल असतं, किंवा नेमकं उलटं, हे या तपासणीत कळतं. मात्र त्यासाठी तो दिवस तुमच्या नेहमीच्या दिवसासारखाच जायला हवा.

त्यामुळे पहिली चूक म्हणजे सुट्टी टाकून दिवसभर लोळणं. ऑफिस, शेत, दुकान, स्वयंपाक, सगळं नेहमीसारखं करा. अंघोळ तेवढी मशीन लावण्याआधी उरका. गोळ्याही नेहमीच्या वेळीच घ्या. ‘खरं बीपी कळू दे’ म्हणून स्वतःच्या मनाने गोळी बंद करणारे काही कमी नाहीत. ती घ्यायची की नाही, हे डॉक्टरांनाच विचारा.

पट्ट्याच्या मापाकडे फारसं कुणी बघत नाही. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा वाढीव येतो, बारीक दंडाला मोठा लावला तर कमी. ब्लाउजची किंवा शर्टाची घट्ट बाही वर सरकवून त्याखाली पट्टा बांधणंही चुकीचंच. सैल बाहीचे कपडे घालून जा. दोन्ही हातांच्या बीपीत फारसा फरक नसेल तर उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी डाव्या दंडावर लावून घ्यावं.

पट्टा फुगायला लागला की हात सैल सोडून स्थिर ठेवा. हात हलला की मोजणी फसते, मशीन थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतं आणि लोकांना वाटतं मशीन बिघडलं. चालत्या बाइकवर हादऱ्यांमुळे हेच होतं. हात सुजला, निळा पडला किंवा खूप दुखला तर मात्र सहन करत बसू नका. पट्टा काढा आणि फोन करा.

आता रात्र. झोपमोड होते म्हणून अकरा वाजता मशीन काढून उशाशी ठेवणारे बरेच असतात, आणि तिथेच निम्मी तपासणी वाया जाते. झोपेत बीपी साधारण १० ते २० टक्के उतरायला हवं. जपानच्या इवाते प्रांतातल्या ओहासामा या गावी १९८० च्या दशकापासून सामान्य रहिवाशांचं बीपी असं मोजलं गेलं. रात्रीची ही उतरण जितकी कमी, तितका हृदयविकार आणि पक्षाघाताने मृत्यूचा धोका जास्त, असं तिथे दिसलं. ज्यांचं २४ तासांचं बीपी नॉर्मल होतं त्यांच्यातही. रिपोर्ट ग्राह्य धरायला सर्वसाधारणपणे ७० टक्के मोजण्या यशस्वी लागतात, दिवसाच्या किमान २० आणि रात्रीच्या ७.

सोबत दिलेला कागद कोरा परत करू नका. झोपण्या-उठण्याची वेळ, गोळी, दुपारची डुलकी, चक्कर, भांडणसुद्धा लिहा. मशीनमध्ये रात्र दहा ते सहा अशी ठरवून ठेवलेली असेल आणि तुम्ही एमआयडीसीत तिसरी पाळी करत असाल, तर रिपोर्टमध्ये तुमची झोप ‘दिवस’ म्हणून मोजली जाईल.

रिपोर्ट हातात आला की लोक सगळ्यात मोठा आकडा शोधून घाबरतात. जिना चढल्यावरचा १६५ काही सांगत नाही, सरासरी बघा. आणि तिला दवाखान्यातला १४०/९० चा निकष लावू नका. युरोपीय निकषांनुसार २४ तासांची सरासरी १३०/८०, दिवसाची १३५/८५ किंवा रात्रीची १२०/७० झाली, की बीपी जास्त मानतात. अमेरिकी मर्यादा याहून थोड्या खाली आहेत.

गावातल्या किंवा सोसायटीतल्या सगळ्या प्रौढांची अशी तपासणी करू पाहणाऱ्या मंडळांसाठी वेगळी सूचना. शिबिराला आपणहून येतात ते बहुतेक निवृत्त किंवा आधीच बीपीचे पेशंट. तेवढ्यांवरून ‘आमच्या गावात इतके टक्के’ असा बोर्ड लावू नका. ओहासामातही गावाबाहेर कामाला जाणारे अभ्यासातून वगळावे लागले होते. मतदार यादीतून चिठ्ठ्या टाकून नावं काढा, नोकरदारांना संध्याकाळी मशीन लावून द्या, आणि कितीजण नाही म्हणाले तेही नोंदवा. शिवाय मशीन मोजकीच असतात. दिवसाला जितकी परत येतील तितक्याच लोकांच्या वेळा ठरवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी रांग दारात आणि मशीन कुणाच्या तरी दंडावर.