एआरएमवर कंटेनर चालवताय? आधी या चुका टाळा

‘एक्झेक फॉरमॅट एरर’. या ओळीचा फोटो मला कोणी ना कोणी पाठवतंच आणि खाली लिहितं, “काका, डॉकर बिघडलंय.” डॉकरला, म्हणजे कंटेनर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, काही झालेलं नसतं. इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरसाठी बांधलेली इमेज, म्हणजे प्रोग्रामचं तयार गाठोडं, एआरएम या वेगळ्या जातीच्या प्रोसेसरच्या गळ्यात मारलेली असते. कंटेनर म्हणजे त्या इमेजची चालू असलेली प्रत, व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आतला नकली कॉम्प्युटर) नव्हे. त्यातला प्रोग्राम थेट तुमच्याच प्रोसेसरवर चालतो, त्यामुळे त्याच्या सूचना त्या प्रोसेसरला कळल्या पाहिजेत.

इमेज उतरवण्याआधी डॉकर हबवर (इमेजचं सार्वजनिक भांडार) त्या टॅगखाली, म्हणजे आवृत्तीच्या नावाखाली, ‘लिनक्स/एआरएम64’ लिहिलंय का, ते बघा. मी हे बघितल्याशिवाय कंपोज फाइल (कोणते कंटेनर कसे चालवायचे याची यादी) उघडतसुद्धा नाही. नवशिके मात्र आधी फाइल चिकटवतात आणि मग एररमागे धावतात.

सगळ्यात जास्त चीड येते ती कंपोजमध्ये ‘प्लॅटफॉर्म: लिनक्स/एएमडी64’ (म्हणजे इंटेल-एएमडीचीच इमेज द्या) ही ओळ घुसडण्याची. इथे इंदूरला रामबागेकडच्या एका वाचनालयात पुस्तकांची नोंद रास्पबेरी पाय 4 या छोट्या एआरएम कॉम्प्युटरवर ठेवायचं ठरलं. काम घेणारा मुलगा हुशार, पण घाईचा. जुन्या प्रोजेक्टमधून त्याने मायएसक्यूएल 5.7 हा डेटाबेस उचलला. त्या टॅगची एआरएम64 आवृत्तीच नाही, म्हणून ‘नो मॅचिंग मॅनिफेस्ट’ (जुळणारी इमेज नाही) आलं. कुठूनशी ही प्लॅटफॉर्मची ओळ मिळाली, तर इमेज उतरली पण चालेना. मग क्यूईएमयू या दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामची नोंद करणारा एक प्रिव्हिलेज्ड (जादा अधिकारांचा) कंटेनर चालवला, आणि डेटाबेस उठला! क्यूईएमयू प्रत्येक इंटेल सूचनेचं एआरएममध्ये भाषांतर करत बसतं. त्यामुळे एक पुस्तक शोधायला घेतलं की काउंटरवरचे आजोबा तेवढ्यात कपाटातून ते काढूनही आणत. मी म्हटलं, हे बदल. तर म्हणे, “चालतंय ना काका, कशाला हात लावायचा?”

पावसाळ्यात लाइट गेली. परत आली तेव्हा पाय उठला, डेटाबेस मात्र उठेना. पुन्हा तोच एक्झेक फॉरमॅट एरर. पायचं मेमरी कार्ड गेलं असं ठरवून हे महाशय ते फॉरमॅट करायला निघाले होते, आणि बॅकअप अर्थातच नव्हता. खरं कारण साधं होतं. कंटेनरमधून केलेली क्यूईएमयूची नोंद कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) बिनएफएमटी-मिस्क या सोयीत असते आणि रीबूट झालं की पुसली जाते. नोंद पुन्हा केली, डेटाबेस एकदाच उठवला, मायएसक्यूएलडंपने सगळा डेटा काढून घेतला आणि मायएसक्यूएलच्याच घराण्यातल्या मारियाडीबीच्या एआरएम64 इमेजमध्ये भरला. डेटाचं फोल्डर तसंच्या तसं नव्या इमेजला जोडायचा शॉर्टकट घेऊ नका, तिथे वेगळंच रडगाणं सुरू होतं. ती प्लॅटफॉर्मची ओळ मी स्वतः खोडली.

क्यूईएमयूशी माझं वैर नाही. लॅपटॉपवर डॉकरच्या बिल्डएक्स या साधनाने दोन्ही प्रोसेसरसाठी इमेज बांधायची असेल तर खुशाल वापरा. रोजचा डेटाबेस त्यावर चालवायचा नाही, एवढंच.

उलटी चूक मॅकवाल्यांची. 2020 च्या एम1 पासून त्यांचा लॅपटॉपच एआरएम आहे. तिथे नुसतं बिल्ड केलं की इमेज एआरएम64 ची होते आणि इंटेल सर्व्हरवर आपटते. बिल्ड करताना प्लॅटफॉर्म सांगा, दोन्ही हवे असतील तर दोन्ही.

डॉकरफाइलमध्ये (इमेज बांधायची कृती) डाउनलोडच्या पत्त्यात ‘एएमडी64’ पक्कं लिहू नका. त्या जागी टार्गेटआर्च हे व्हेरिएबल घ्या, त्यात डॉकर प्रोसेसरचा प्रकार स्वतः भरतं. पक्कं लिहिलं तर बिल्ड बिनतक्रार होतं आणि इमेज चालवायच्या वेळी पडते, म्हणून ही चूक शोधायला जीव जातो.

‘युनेम -एम’ या कमांडने एआर्च64 (64 बिट एआरएम) दाखवलं म्हणून सिस्टिम 64 बिट आहे असं समजू नका. पायवर 64 बिट कर्नल आणि वर 32 बिट सिस्टिम असू शकते. ‘डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर’ विचारा. ‘एआरएमएचएफ’ (म्हणजे 32 बिट) असं उत्तर आलं तर जुगाड न करता सरळ 64 बिट सिस्टिम बसवा.

मोंगोडीबी या डेटाबेसला 5.0 पासून पुढे एआरएमव्ही8.2-ए या पिढीचा प्रोसेसर लागतो. पाय 4 चा कॉर्टेक्स-ए72 हा प्रोसेसर त्याच्याआधीचा, म्हणून ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ येतो. पाय 5 वर ते चालतं. पण तिथे कर्नलची मेमरी पेज 16 केबीची आहे, त्यामुळे जेमॅलॉक (मेमरी वाटून देणारी लायब्ररी) वापरणारे काही प्रोग्राम ‘अनसपोर्टेड सिस्टिम पेज साइज’ म्हणत बसून राहतात. लहान पेजचा कर्नल यावा म्हणून पायच्या कॉन्फिग.टीएक्सटीमध्ये ‘कर्नल=कर्नल8.आयएमजी’ लिहा आणि रीबूट करा.

आणि इथल्या जेल रोडवरून उचललेला मोबाइलचा चार्जर पायला लावू नका. पाय 4 ला 5 व्होल्ट 3 अँपिअर लागतात, पाय 5 ला 5 अँपिअर. वीज कमी पडली किंवा मे महिन्यात चिप 80 अंशांवर गेली की पाय स्वतःच वेग उतरवतो आणि लोक कंटेनरला शिव्या देतात. मी आधी ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ (पायने वेग उतरवला का, ते सांगणारी कमांड) बघतो. शून्य आलं तरच लॉग उघडतो.