शेफ होण्यासाठी संस्था निवडताना

बारावीनंतर शेफ व्हायचे ठरवलेल्या विद्यार्थ्याने सर्वप्रथम हॉटेल मॅनेजमेंट आणि पाककला या दोन अभ्यासक्रमांतील फरक समजून घ्यावा. दादरची इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट १९५४ पासून चालू आहे. तिच्यासारख्या केंद्रीय संस्थांतील तीन वर्षांच्या बी.एस्सी.साठी राष्ट्रीय पातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. या पदवीत किचनबरोबरच फूड अँड बेव्हरेज सर्व्हिस, फ्रंट ऑफिस आणि हाउसकीपिंग हे विषयही अनिवार्य असतात. म्हणजे ज्याला केवळ स्वयंपाकच करायचा आहे, त्यालाही खोली आवरण्याची आणि पाहुण्यांची नोंद करण्याची रीत शिकावी लागते. हॉटेलात पुढे वरच्या पदावर जाण्याची इच्छा असेल, तर हे ज्ञान वाया जात नाही. पाककलेच्या स्वतंत्र पदवीत मात्र बहुतेक वेळ किचन, बेकरी आणि मेन्यूच्या आखणीला मिळतो. तिरुपती आणि नोएडा येथील इंडियन कलिनरी इन्स्टिट्यूट, तसेच पुण्यातील सिम्बायोसिसचे पाककला महाविद्यालय ही याची उदाहरणे होत. तीन-चार वर्षांचा खर्च झेपणारा नसेल, तर दहावीनंतर आयटीआयमधील फूड प्रॉडक्शनचा ट्रेड किंवा फूड क्राफ्ट संस्थेतील अल्पमुदतीचा अभ्यासक्रम हे मार्गही आहेत, आणि ते कमी प्रतीचे समजण्याचे कारण नाही.

यानंतरचा प्रश्न माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे, तरी पालक तो क्वचितच विचारतात: प्रात्यक्षिकात झारा नेमका कोणाच्या हातात असतो? माहितीपत्रकात चकचकीत किचनची छायाचित्रे असतात, पण चार-पाच जणांच्या गटाला एक शेगडी मिळत असेल, तर त्यातला एक जण शिजवतो, दुसरा चिरतो आणि बाकीचे वहीत पाककृती उतरवून घेतात. म्हणून संस्था पाहायला प्रवेशाच्या गर्दीत न जाता, आधी परवानगी घेऊन, प्रात्यक्षिक चालू असलेल्या एखाद्या साध्या दिवशी जावे. आठवड्याला प्रात्यक्षिकाचे तास किती, प्रत्येकाला स्वतंत्र टेबल आणि शेगडी मिळते का, पन्नास-शंभर माणसांचे जेवण एका वेळी रांधायला शिकवणारे क्वांटिटी किचन आहे का, आणि तिथे शिजवलेले अन्न रोजच्या मेसमध्ये वाढले जाते की केवळ परीक्षकांच्या चाखण्यापुरते असते, हे तिथे शिकत असलेल्या विद्यार्थ्यांनाच विचारावे. चार माणसांपुरती भाजी उत्तम करणाऱ्याचाही मोठ्या पातेल्यात मीठ-मसाल्याचा अंदाज चुकू शकतो. मसाला त्याच प्रमाणात वाढवून चालत नाही आणि आचेची वेळही बदलते.

इंडस्ट्रियल ट्रेनिंगची चौकशीही अशीच बारकाईने करावी. प्रत्यक्ष हॉटेलात काम करत घ्यायचे हे प्रशिक्षण अनेक आठवड्यांचे असते. त्या काळात विद्यार्थ्याला हॉट किचन, गार्ड मांजे (म्हणजे थंड पदार्थांचा विभाग), बेकरी अशा विभागांतून फिरवले जाते की शेवटपर्यंत कांदे सोलायला बसवले जाते, हे मागच्या तुकडीतील मुले स्पष्ट सांगतात. प्लेसमेंटचे आकडे दाखवले गेले, तर त्यांपैकी किचनमध्ये कितीजण लागले, हे वेगळे विचारावे, कारण दुकान, विमान कंपनी आणि कॉल सेंटर यांतील नोकऱ्याही त्याच यादीत मोजल्या जाऊ शकतात.

खाजगी संस्थेची पदवी कोणत्या विद्यापीठाची आहे, हे लेखी घ्यावे आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या बनावट विद्यापीठांच्या यादीशी ताडून पाहावे. फीमध्ये गणवेश, सुऱ्यांचा संच आणि प्रात्यक्षिकाचे साहित्य धरले आहे का, हेही विचारावे. मांस न हाताळणाऱ्या विद्यार्थ्याने शाकाहारी पर्यायाची चौकशी प्रवेशाआधीच करावी. अहमदाबाद, भोपाळ आणि जयपूर येथील केंद्रीय संस्थांनी २०१६ मध्ये तसा पर्याय सुरू केला होता.

शैक्षणिक कर्जाच्या कागदांवर सही करण्यापूर्वी शक्य झाल्यास सुटीत गावातल्या एखाद्या केटररकडे किंवा हॉटेलच्या किचनमध्ये महिनाभर काम करून पाहावे. पदवी मिळाली तरी सुरुवात ‘कॉमी’, म्हणजे किचनमधील सर्वांत खालच्या स्वयंपाक्याच्या पदापासूनच होते. दहा-बारा तास उभे राहणे, सणासुदीला आणि रविवारी कामावर असणे आणि वरिष्ठांची बोलणी ऐकणे हे त्या पदाच्या वाट्याला येतेच, आणि ते आपल्याला मानवते की नाही, याचा पुरेसा अंदाज त्या महिन्यात येतो.