नवा फोन घेण्याआधी जुन्याला दोन दिवस द्या

गोव्यात साखळी गावच्या बाजारात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. चौदा वर्षं झाली. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की दुकानात एकच प्रश्न रोज कानावर येतो, "हा आता टाकून नवा घेऊ का?" त्यातले बरेच फोन टाकण्यासारखे नसतात. कुठे मेमरी भरलेली असते, कुठे बॅटरी थकलेली असते, कुठे फोन दिवसभर रेंज शोधून दमलेला असतो. नेमकं काय झालंय ते न बघता वीस हजार घालवू नयेत, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

गेल्या साली चोर्ला घाटाच्या वाटेवरच्या एका गावातून एक काकी कदंब बसमध्ये बसून आल्या. पिशवीत फोन, चार्जर आणि रुमालात बांधलेले पैसे. "बाय, फोन चलना गो," म्हणाल्या. मुलगा बोटीवर असतो, त्याने सांगितलं होतं की नवा घे, जुना फेकून दे. फोन २०१९चा, ३ जीबी रॅम (चालू कामापुरती जागा), ३२ जीबी मेमरी. काकींना नवा फोन नको होता. "ह्यांनी वाजवलेलं घुमट आहे यात, आरतीचं. ते जाता कामा नये." घुमट म्हणजे आपलं मातीचं तालवाद्य. काका दोन वर्षांपूर्वी वारले होते.

मी काकींना सांगितलं तेच तुम्हालाही सांगते. आधी एक दिवस फोनला हात लावू नका, नुसतं मोजा. एक कागद घ्या. सकाळी चार्जरवरून काढताना किती टक्के, दुपारी जेवताना किती, रात्री निजताना किती, ते लिहा. कॅमेरा उघडायला किती सेकंद लागतात तेही लिहा. सेटिंग्जमध्ये बॅटरीच्या पानावर कोणतं अ‍ॅप किती खातं ते दिसतं, त्यातली वरची तीन नावं उतरवून घ्या. स्टोरेजच्या पानावर किती जागा रिकामी आहे तेही. हे केलं नाही तर नंतर फरक पडला की नाही, ते कळायला मार्ग राहत नाही.

काकींच्या फोनात ३२ जीबीपैकी जेमतेम ६०० एमबी रिकामी होती. फोन हळू चालण्याचं अर्धं कारण तिथेच सापडलं.

मेमरी

फोनाच्या मेमरीत लिहिलेल्या जागेवर थेट दुसरं लिहिता येत नाही. आधी तो पूर्ण भाग पुसावा लागतो, मग नवं लिहायचं. रिकामे भाग भरपूर असले की फोन हे काम निवांत, मागच्या मागे उरकतो. जागा संपली की प्रत्येक लहानशा गोष्टीसाठी त्याला जुना माल इकडून तिकडे हलवावा लागतो. चवथीच्या आदल्या दिवशी ओट्यावर इंचभर जागा नसते, तेव्हा एक नारळ खवायचा तर आधी चार भांडी खाली उतरवावी लागतात, तसंच. म्हणून निदान दहा-पंधरा टक्के मेमरी रिकामी ठेवा. ३२ जीबीच्या फोनात चार-पाच जीबी.

आपल्याकडे ही जागा बहुतेक वेळा व्हॉट्सअ‍ॅप खातं. देवळाच्या समितीचा ग्रुप, भजनी मंडळाचा ग्रुप, वाड्याचा म्हणजे वस्तीचा ग्रुप, आणि एकच दशावताराची क्लिप तिन्ही ठिकाणी. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज अँड डेटा, त्यात मॅनेज स्टोरेज उघडा. पाच एमबीपेक्षा मोठ्या फायली आणि पुष्कळ वेळा फॉरवर्ड झालेल्या फायली तिथे वेगळ्या काढून दाखवलेल्या असतात. काकींच्या फोनात त्या ११ जीबी निघाल्या. एक-एक चॅट उघडून पुसत बसू नका, इथूनच पुसा. मग त्याच स्टोरेज अँड डेटामध्ये मीडिया आपोआप डाउनलोड होणं बंद करा, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तीच गत होते.

पुसण्याआधी मात्र जपायचं ते बाहेर काढा, आणि दोन ठिकाणी ठेवा. काकींचे व्हिडिओ मी आधी पेनड्राइव्हवर घेतले, मग त्यांच्या गूगल खात्यात चढवले. तिथे १५ जीबी फुकट मिळतात. नुसतं कॉपी करून थांबू नका. पेनड्राइव्ह दुसऱ्या फोनाला किंवा लॅपटॉपला लावून प्रत्येक फाइल उघडून बघा, शेवटपर्यंत चालते का ते. आम्ही दुकानात बसून बघितलं. मागे माटोळी (गणपतीवर टांगतात ती फळापानांची सजावट) बांधलेली, काका बसलेले, मांडीवर घुमट, शेजारी शामेळ आणि कांसाळं ही साथीची वाद्यं, आणि डाव्या हाताने घुमटाचं तोंड झाकत-उघडत सूर फिरवत होते. काकी काही बोलल्या नाहीत. तो चालला तसा बाकीचे सोळाही चालवून बघितले आणि मगच फोनातले पुसायला घेतले.

पुसलेले फोटो लगेच जात नाहीत. गॅलरीच्या कचरापेटीत महिनाभर तरी पडून असतात आणि तितकी जागा अडवतात. ती पेटीही रिकामी करा.

नंतर अ‍ॅप्स. जे सहा महिने उघडलं नाही ते काढा. फेसबुक हवंच असेल तर त्याचं लाइट रूप घ्या, जुन्या फोनावर ते पुष्कळ हलकं पडतं. "फोन साफ करतो", "रॅम वाढवतो", "बॅटरी वाचवतो" असं सांगणारी अ‍ॅप्स पहिली काढा. काकींच्या फोनात अशी दोन होती आणि एक टॉर्चचं. टॉर्च फोनातच असतो, त्याला वेगळं अ‍ॅप लागत नाही. ही तिन्ही मागे सतत चालू राहून जाहिराती आणत होती. बॅटरीच्या पानावर वरच्या तिघांत त्यांतली दोन होती. यावर मी गिऱ्हाइकांशी भांडण्यापर्यंत येते, कारण माणूस फोन सुधारावा म्हणून ती टाकतो आणि तीच फोन मारतात.

तसंच बोटाने वर ढकलून सगळी अ‍ॅप्स सारखी बंद करण्याची सवय सोडा. अँड्रॉइड लागेल तशी रॅम स्वतः मोकळी करतं. बंद केलेलं अ‍ॅप पुन्हा पहिल्यापासून उघडताना जास्त काम पडतं, बॅटरीही जास्त जाते. एखादं अ‍ॅप अडकलं असेल तेवढंच बंद करा. आठवड्यातून एकदा फोन रीस्टार्ट करा, ते खरंच उपयोगी पडतं.

डोळ्यांना लगेच जाणवणारा एक उपाय आहे. सेटिंग्जमध्ये अबाउट फोनमध्ये जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारा. डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तिथे विंडो, ट्रान्झिशन आणि अ‍ॅनिमेटर अशी तीन स्केल असतात, ती १ वरून ०.५ करा. पानं उघडताना जो सरकण्याचा खेळ चालतो तो निम्म्या वेळात उरकतो. फोनाची ताकद वाढत नाही, पण वाट बघणं कमी होतं. तिथल्या बाकी कशालाही हात लावू नका.

बॅटरी

एवढं करूनही काकींचा फोन २८ टक्क्यांवर धाडकन बंद पडत होता. हे बॅटरी थकल्याचं लक्षण. लिथियम बॅटरी शून्य ते शंभर अशी साधारण ५०० वेळा भरली की मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास उरते. चाळीस टक्के आज आणि साठ उद्या भरले तर ती एक वेळ. रोज भरणाऱ्याला हा हिशेब दोन वर्षांत पुरा होतो. साठवण कमी होतेच, शिवाय आतला रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, वाढतो. कॅमेरा किंवा फोन कॉल एकदम जास्त करंट मागतो, थकलेल्या बॅटरीचं व्होल्टेज खाली बसतं आणि फोन मरतो. आकडा २८ असला तरी उपयोग नाही. काही फोन हे टाळायला स्वतःचा वेगच कमी करतात. २०१७च्या डिसेंबरात अ‍ॅपलने जुन्या आयफोनांबाबत हे जाहीर मान्य केलं होतं. म्हणजे हळू चालणाऱ्या फोनाचं दुखणं कधी कधी बॅटरीतच असतं.

टक्के उड्या मारत असतील, फोन नुसत्या कॉलवर तापत असेल, तर बॅटरी बदला. मिळत असेल तोवर कंपनीचीच घ्या. बाहेरची घेतलीत तर तिच्यावरची बनवल्याची तारीख बघा. कपाटात तीन वर्षं पडलेली नवी बॅटरी नवी नसते. आणि एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत: एकदा मागचं झाकण उघडलं की पाण्याला अडवणारा गोंद पहिल्यासारखा राहत नाही. आपल्या पावसात असा फोन उघड्यावर वापरू नका.

मागचं झाकण किंवा स्क्रीन उचलली गेलेली दिसली तर बॅटरी फुगली आहे. तो फोन त्याच क्षणी बंद करा. चार्जला लावू नका, दाबू नका, टोचू नका, घरच्या कचऱ्यात टाकू नका. दुरुस्तीवाल्याकडे न्या.

नवी बॅटरी टिकवायची तर तिला उन्हापासून जपा. एप्रिल-मेच्या उन्हात स्कूटरच्या डिकीत ठेवलेला फोन मी हातात धरू शकलेली नाही. पस्तीस अंशांच्या वर बॅटरीचं जे नुकसान होतं ते भरून येत नाही. चार्ज होताना फोन उशीखाली नको, जाड कव्हरही काढा. रोजचं चार्जिंग वीस ते ऐंशीच्या मध्ये ठेवता आलं तर उत्तम. काही फोनांत ऐंशी-पंच्याऐंशीवर थांबण्याची सोय असते, ती चालू करा. महिन्यातून एकदा पूर्ण उतरवा हा सल्ला जुन्या निकेल बॅटऱ्यांच्या काळचा आहे, तो विसरा.

चार्ज होत नाही म्हणून बॅटरी बदलायला आलेल्या कितीतरी फोनांच्या चार्जिंगच्या खाचेत मला नुसता खिशातला कापूस सापडला आहे. फोन बंद करा, लाकडी दातकोरणं घ्या, उजेडात धरून अलगद बाहेर ओढा. सुई-टाचणी नको. वायर दुसरी लावून बघा. पावसात खाच ओली झाली तर खाच खाली धरून हलकेच टिचक्या मारा आणि पंख्याखाली ठेवा. तांदळाच्या डब्यात घालू नका, त्याचे कण आत जातात.

स्क्रीन सगळ्यात जास्त बॅटरी खाते. उजेड कमी करा, तीस सेकंदांत बंद होईल असं ठेवा. काळ्या पार्श्वभूमीचा फायदा अमोलेड स्क्रीनलाच होतो; साध्या एलसीडीत मागचा दिवा पेटलेलाच असतो.

रेंज

सत्तरी तालुक्याच्या डोंगरातल्या गिऱ्हाइकांसाठी हे सगळ्यात महत्त्वाचं. रेंज कमी असली की फोन टॉवरपर्यंत पोचायला जास्त ताकद लावतो, आणि रेंज गेली की शोधत राहतो. खिशात नुसता पडलेला फोन दुपारपर्यंत निम्मा होतो तो यामुळे. काकींच्या फोनात दोन सिम होती. दुसऱ्याला त्यांच्या गावात रेंजच नव्हती, रीचार्जही नव्हता, आणि वर्षभर ते शोधतच होतं. सेटिंग्जमधून ते सिम बंद केलं. घरी वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग चालू करा, सिम आणि फोन दोन्हीला सोय असेल तर कॉल वायफायवरून जातो. रानात किंवा कुळागरात (सुपारीच्या बागेत) जिथे रेंज येतच नाही तिथे फ्लाइट मोड टाका. लोकेशनच्या सेटिंगमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ स्कॅनिंग असतं, तेही बंद करा.

इतकं करूनही फोन अडखळत असेल तरच फॅक्टरी रीसेट, म्हणजे सगळं पुसून फोन पहिल्यासारखा कोरा करणं. त्याआधी व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप घ्या आणि गूगल खात्याचा पासवर्ड आठवतो का ते बघा. रीसेटनंतर फोन तोच पासवर्ड मागू शकतो, आणि मुलाने पाच वर्षांपूर्वी उघडून दिलेल्या खात्याचा पासवर्ड आईला माहीत नसतो. फोन बंद पेटीसारखा होऊन बसतो. काकींच्या फोनाला रीसेट लागलं नाही.

ज्या फोनाला सुरक्षेचे अपडेट येणं थांबलं आहे त्यावर बँकेचं आणि पैशांचं काही ठेवू नका, तो कितीही छान चालत असला तरी. काकींना तेवढं पटवून दिलं. त्यांचे पैशांचे व्यवहार भाची बघते, तिच्या फोनावरून.

आठवड्याने त्या पुन्हा आल्या, कागद घेऊन. पहिल्या दिवशीच्या ओळीत दुपारी दोन वाजता फोन बंद असं लिहिलं होतं. शेवटच्या ओळीत रात्री दहा, ४१ टक्के. कॅमेरा नऊ सेकंदांवरून तीनवर. रुमालातल्या पैशांतून बॅटरीचे दिले, उरलेल्यांतून एक आणखी पेनड्राइव्ह घेतला. तो मुलाकडे पाठवायचा होता.