नीटच्या तयारीत आतून घाबरलेलं हुशार पोर: आईवडिलांनी काय करायचं

दहावीला ९६-९७ टक्के घेऊन तालुक्याच्या शाळेत पहिलं आलेलं पोरगं नीटच्या, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या, तयारीला लातूरला येतं, ट्यूशन एरियात खोली घेतं, मेस लावतं आणि पहिल्याच मोठ्या टेस्टला त्याला कळतं की इथे शेजारी बसलेला प्रत्येक जण आपापल्या शाळेत पहिलाच होता. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, दिवाळीच्या आधी असे चेहरे दरवर्षी बघते, म्हणून हे आईवडिलांसाठी लिहितेय. कमी मार्कवाल्या मुलाकडे सगळ्यांचं लक्ष जातं, पण हुशार मुलाची भीती कुणाला दिसतच नाही कारण मार्क तसे बरे असतात.

मग ओळखायचं कसं? टेस्टच्या दिवशी सकाळी हमखास पोट दुखतं, उलटीसारखं होतं. डाउट विचारणं बंद होतं, कारण विचारलं तर याला येत नाही हे सगळ्यांना कळेल. रात्री दोनपर्यंत लाइट चालू पण एकच पान समोर. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे तपासलेला पेपर उघडून बघायचाच नाही, फक्त टोटल बघून बॅगेत कोंबायचा.

पहिलं काम फोनचं. टेस्टच्या दिवशी फोन केला की पहिला प्रश्न 'किती पडले' हा नकोच. क्लासचा मेसेज बऱ्याचदा पोराच्या आधी वडिलांच्या मोबाईलवर येतो, तेव्हा आधीच ठरवून टाका की मार्क तूच सांगायचे, उद्यापर्यंत सांग, आम्ही विचारणार नाही. आणि मग खरंच विचारू नका. मार्क चांगले आले तरी फॅमिली ग्रुपवर टाकू नका, कारण पुढच्या वेळी कमी पडले की मामा-काका सगळ्यांना कळणार ही धास्ती त्याच दिवशी सुरू होते. 'तू हुशार आहेस, तुला जमेलच' हे पण जरा आवरा, त्याला भीतीच याची असते की आपण हुशार नाही हे आता उघडं पडेल. त्यापेक्षा 'अवघड जातंय ना, काय काय अडतंय सांग' म्हणा आणि गप्प बसून ऐका.

दुसरं काम पेपरचं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फरक इथे पडतो. समजा ७२० पैकी ४२० पडले. त्यात १८० प्रश्नांपैकी ११५ बरोबर (प्रत्येकी चार मार्क), ४० चूक (प्रत्येकी एक मार्क कापला), २५ सोडलेले. आता त्या ४० चुकांवर खुणा करायला सांगा: आलंच नाही, येत होतं पण वाचण्यात किंवा आकडेमोडीत गेलं, आणि नुसता अंदाज मारला. समजा १२ अंदाजाचे निघाले आणि ९ येत असून गेलेले. अंदाज सोडले असते तर १२ मार्क वाचले असते, आणि येत असलेला प्रश्न चुकला की चार जातात वर एक कापला जातो म्हणजे पाचाचा फटका, नऊचे झाले ४५. एकही नवीन चॅप्टर न करता ४२० चे ४७७ होतात! पोराच्या डोक्यात 'मी संपलो' चालू असतं, ते 'फिजिक्सच्या रोटेशन चॅप्टरमध्ये माझी साइन कन्व्हेन्शन (अधिक-उणे चिन्हं) चुकते' इथवर आलं की अभ्यासाला हात घालता येतो. हे टेस्टच्या दिवशी नको, दुसऱ्या दिवशी शांतपणे.

टेस्ट बुडवायची म्हणाला तर लगेच हो म्हणू नका. त्या दिवसापुरतं बरं वाटतं पण पुढच्या टेस्टची भीती वाढलेली असते. त्यापेक्षा अर्धाच पेपर लिही, मार्क आम्हाला सांगू नको, पण जाऊन बस, असं करा.

हॉलमध्ये छातीत धडधडायला लागलं तर पेन खाली, पाय जमिनीवर टेकवून, चार आकड्यात श्वास आत आणि सहा-सात आकड्यात हळू बाहेर, असं पाच-सहा वेळा. मिनिटभरच जातं. पण हे दर सराव टेस्टला केलेलं पाहिजे, फायनलला पहिल्यांदा करून उपयोग नाही.

झोप सात-आठ तास, यात तडजोड नको, वाचलेलं पक्कं बसायला झोप लागतेच. एकला झोपून चारला उठवणं बंद करा.

क्लासलाही विचारा. जानेवारी २०२४ च्या केंद्र सरकारच्या कोचिंग क्लाससाठीच्या गाइडलाइन्समध्ये दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त क्लास नको, आठवड्याची सुट्टी हवी, सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी टेस्ट नको, टेस्टचे निकाल जाहीर लावू नका असं आहे. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानेही मार्कांवरून बॅच पाडू नका म्हणून सांगितलंय. दोन-चार पालक मिळून गेलात तर ऐकतात.

आता एक गोष्ट अजिबात टाळायची नाही. दोन आठवडे झोप-जेवण बिघडलंय, सारखं रडू येतंय, हातावर जखमा दिसतायत, 'मी नसतो तर बरं झालं असतं' असं काही पोर बोललंय, तर सरळ विचारा, 'जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्याने असं काही डोक्यात भरत नाही, उलट पोरं बोलतात. हो म्हणालं तर त्याच रात्री गाडी काढा, तोवर रूममेटला, मालकिणीला सोबत थांबायला सांगा, एकटं सोडू नका, आणि सायकियाट्रिस्टला दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आणि दुसरा रस्ता निकालाच्या दिवशी काढू नका, दिवाळीच्या सुट्टीत निवांत बोलून ठेवा. फार्मसी, ॲग्रीसाठी राज्याच्या सीईटीचा फॉर्म भरा, तिथे निगेटिव्ह मार्किंग नाही. फार्मसी, ॲग्री, नर्सिंग, फिजिओथेरपी, यातलं काय चालेल ते पोरालाच विचारा, आणि नीट परत देता येते हेही सांगा. शेत विकलं, कर्ज काढलं हे त्याला माहीतच असतं, ते बोलून दाखवू नका. फीचं आमचं आम्ही बघू, तू त्याचा हिशोब ठेवू नकोस, एवढं वडिलांनी स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं, आईकरवी निरोप नको.