सातपुड्याच्या पायथ्याशी सायकल: या चुका टाळा

खान्देशात घाटात अडलेले सायकलवाले कमीच. लॉजच्या कुलूपबंद दारामागे आणि शेताच्या बांधावरच्या सराट्याच्या काट्यांत अडलेले मात्र दर हिवाळ्यात दिसतात. घाटासाठी सगळे तयारी करून येतात. महिनाभर आधी मांड्या पिळून घेतात, महागडी चड्डी आणतात. मुक्कामाचं बोलणं मात्र आदल्या संध्याकाळी, तेही घाईघाईत. म्हणून सुरुवात मुक्कामापासून.

लॉज निवडताना

एसी आहे का, टीव्ही आहे का, भाडं किती, एवढं सगळे विचारतात. पहाटे दार कोण उघडणार, हे कोणी विचारत नाही. तालुक्याच्या गावात लॉजचा शिरस्ता ठरलेला असतो. रात्री अकराला खालची जाळी ओढायची, कुलूप घालायचं, किल्ली मॅनेजरच्या उशाखाली. मॅनेजर साडेसहाच्या आत उठत नाही, आणि उठला तरी आधी चहा. तोवर तुम्ही बॅगा लावून जिन्यात उभे. निघायला साडेआठ वाजतात.

यानं काय बिघडतं ते शहादा-तोरणमाळ रस्त्यावर कळतं. अंतर पन्नासेक किलोमीटर. शहादा समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरच्या आसपास, तोरणमाळ अकराशेच्या वर. म्हसावद, राणीपूरपर्यंत रस्ता सौम्य आहे, सामान लादलेली सायकलही ताशी १५-१६ नं जाते. खरा चढ पुढे लागतो, आणि तिथे वेग ६-७ वर येतो. साडेपाचला निघालेला माणूस घाटाचा मोठा भाग दहा-साडेदहाच्या आत उरकतो. साडेआठला निघालेल्याच्या वाट्याला तोच घाट अकरा ते दोनमध्ये येतो. शहाद्याकडून चढणारा उतार दक्षिणेकडे तोंड करून आहे, म्हणजे हिवाळ्यातसुद्धा दिवसभर ऊन त्याच्यावरच. शेजारी बेसाल्टचा काळा खडक, तापला की संध्याकाळपर्यंत धग सोडत राहतो. फेब्रुवारी संपला की या तीन तासांच्या उशिराची किंमत दोन लिटर पाणी आणि एक उलटी.

तेव्हा फोनवर भाड्याच्या आधी हे विचारा. सायकल रात्री आत, कुलपात ठेवता येईल का? खोली तळमजल्यावर मिळेल का? पहाटे पाचला दार कोण उघडेल, आणि त्या माणसाचा नंबर? गरम पाणी कधी? सोलरचं असेल तर पहाटे भरवसा धरू नका, संध्याकाळीच आंघोळ उरका. बिल रात्रीच चुकतं करा. आधारच्या तीन-चार झेरॉक्स जवळ ठेवा. मूळ कार्ड काउंटरच्या खणात ठेवून घेतलं, तर पहाटे तेही मॅनेजरबरोबर झोपलेलं असतं.

‘जिन्याखाली ठेवा, काही होत नाही,’ असं हमखास सांगतात. चोरी सहसा होतही नाही. पण रात्रीतून पोरं गिअरचे खटके मारून बघतात आणि सकाळी पहिल्या पायडलला चेन उतरते. दिवे, पंप, मीटर काढून खोलीत न्या. पुढच्या ब्रेकची दांडी रबरबँडनं हँडलशी आवळा, म्हणजे सायकल घरंगळत नाही. निघण्याआधी मागचं चाक उचलून सगळे गिअर एकदा फिरवून घ्या.

शासकीय विश्रामगृह सायकलवाल्याला सगळ्यात सोयीचं. ऐसपैस आवार, बैठी इमारत, राखणदार जागा. पण साहेबांचा दौरा निघाला की तुमचं आरक्षण गेलं, आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. त्याच गावातल्या एका लॉजचा नंबर खिशात असू द्या. देवस्थानांचे भक्तनिवास याहून भरवशाचे, कारण तिथलं घड्याळ काकड्याचं असतं. पहाटे चारलाच हालचाल सुरू. प्रकाशा, अमळनेर, मुक्ताईनगर इथे विचारून बघा. दारू-मटणाचा नियम पाळायचा नसेल तर मुळात जाऊच नका.

तारखेबरोबर तिथी न बघणं ही या भागातली खास चूक. मार्गशीर्ष पौर्णिमेला सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो. त्या दिवसांत शहादा आणि दोंडाईचा दोन्हीकडे खोलीचं नाव काढू नका. माघ वद्य एकादशी ते महाशिवरात्र मुक्ताईनगर आणि चांगदेवला यात्रा. होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्यातल्या गावोगाव आदिवासींचे भोंगऱ्याचे बाजार, आणि रस्त्यावर टपापर्यंत माणसं भरलेल्या जीपा. बाजार बघायलाच जायचं असेल तर जरूर जा, पण त्या दिवशी ऐंशी किलोमीटरचा बेत आखू नका.

आणि लॉजच्या पांढऱ्या टॉवेलानं चेन पुसू नका. पुढच्या सायकलवाल्याला ‘जागा नाही’ ऐकावं लागतं, त्यामागे बहुतेक वेळा असाच एखादा टॉवेल असतो. जुनी बनियन फाडून आणा. मातीची सायकल फरशीवर उभी करण्याआधी खाली युरियाचं रिकामं पोतं पसरा, गावात कुठेही मिळतं.

लॉजवाल्यांनाही दोन शब्द. ‘सायकलस्वारांचे स्वागत’ असा फलक लावून सायकलचे वेगळे पन्नास रुपये मागितले, की त्या फलकाचा उपयोग संपला. यात खर्च फारसा नाही. बाहेर नळाला पाईप, दाब दाखवणारा एक उभा पंप, भिंतीत पक्की बसवलेली लोखंडी कडी आणि रात्रीच बांधून ठेवलेला नाश्ता. पहाटे पोहे कोणी मागत नाही. दोन दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चार केळी एवढं दिलं की गिऱ्हाईक दुसऱ्या गटाला तुमचाच नंबर देतं.

सराटा

इथल्या पंक्चरचं कारण काच किंवा खिळा क्वचितच. बाभूळ, वेडी बाभूळ, बांधावर कुंपणाला टाकलेल्या बोराट्या, आणि या सगळ्यांचा बाप सराटा. जमिनीला चिकटून पसरणारी वेल, पिवळं बारीक फूल. पावसाळा संपता संपता फळ वाळतं, फुटतं, आणि तुकडा कसाही पडला तरी एक काटा वर राहतो. म्हणजे ज्या महिन्यांत सायकल चालवायला मजा येते, नेमका तेव्हाच तो रस्त्याकडेला तयार असतो.

चोपड्याकडून यावलच्या दिशेनं निघालेल्या दोघांची गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे, कारण एकाच पंक्चरमध्ये करता येतील त्या सगळ्या चुका त्यांनी एका सकाळीत करून दाखवल्या. फोटो काढायला थांबले, सायकली डांबरावरून खाली उतरवून बांधावर आडव्या टाकल्या. दहा मिनिटांनी एकाचं मागचं चाक बसलं. ट्यूब काढली, फुसफुस ऐकू आली तिथे पॅच मारला, हवा भरली. दोन किलोमीटरवर पुन्हा बसलं. सराटा एका जागी टोचून थांबत नाही. ट्यूबला पाच-सहा भोकं असतात आणि कानाला एकच ऐकू येतं. मग साहेब वैतागले आणि नवी ट्यूब घातली. टायरच्या आत बोट फिरवलंच नाही. आत मोडून राहिलेल्या काट्यानं नवी ट्यूबही गेली. तोवर साडेअकरा. सायकल ढकलत पुढच्या फाट्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेले. ट्यूब प्रेस्टा व्हॉल्व्हची, म्हणजे बारीक तोंडाची, आणि पंक्चरवाल्याचं नोझल मोटारसायकलचं. यांच्याकडे पितळी अडॅप्टर होता, तो लावला, आणि त्यानं काँप्रेसरची हवा सोडली. मोटारसायकलच्या सवयीनं सोडलेली हवा सायकलच्या ट्यूबला दोन सेकंद जास्त झाली. आवाज फाट्यावरच्या सगळ्यांनी ऐकला. दोघं टेम्पोत सायकली टाकून यावलला पोहोचले.

त्यावरून काय करायचं ते असं. सायकल डांबरावरून खाली उतरवायचीच नाही. उतरवावी लागली तर उचलून न्या, उचलून आणा. कच्च्या वाटेवरून पुन्हा डांबरावर आलात की लगेच थांबून दोन्ही टायर हळूहळू फिरवत बघा. रुतलेला काटा तेव्हाच दिसतो, आणि बऱ्याचदा ट्यूबपर्यंत पोहोचलेला नसतो. पंक्चर झालंच, तर ट्यूबमध्ये भरपूर हवा भरून पाण्यात इंच इंच फिरवा आणि प्रत्येक भोकाभोवती पेनानं गोल करा. पाणी म्हणजे शेतातला हौद किंवा धाब्यावरची बादली. टायरच्या आतून बोट फिरवताना फडकं गुंडाळा, नाहीतर काटा टायरमधून निघून बोटात जातो. मोडलेलं टोक चिमट्यानं ओढा. चिमटा नसेल तर नेलकटर.

पॅच मारताना घाई करणाऱ्यांचा तर कंटाळा आला आहे. ट्यूब पॉलिश पेपरनं खरखरीत करा, सोल्यूशन पातळ पसरा, आणि ते ओलं चकाकायचं थांबेपर्यंत पाच मिनिटं हात लावू नका. ओल्यावर चिकटवलेला पॅच उन्हात तापून सरकतो, मग सोल्यूशनच्या नावानं बोटं मोडली जातात. एकदा उघडलेली सोल्यूशनची नळी इथल्या उन्हात पुढच्या वेळेपर्यंत सुकलेली असते, म्हणून दोन न उघडलेल्या ठेवा. सोबत दोन जादा ट्यूब, पितळी अडॅप्टर आणि हातपंप. काँप्रेसरवाल्याला नम्रपणे नाही म्हणा आणि हातानं भरा. ३५ मिलिमीटरच्या टायरला सामानासह ५५ ते ६५ पीएसआय दाबाची हवा पुरे.

ट्यूबमध्ये सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारं द्रव, घालून यावं की नाही? यावं. पण सीलंट घातलं म्हणून बांधावर सायकल लोळवायला मोकळे, असं समजणाऱ्यांसाठी वर दोघांची गोष्ट सांगितली आहे.

पाणी

उन्हात चढाला ताशी पाऊण ते एक लिटर लागतं. जंगलातल्या टप्प्यात चार लिटरपेक्षा कमी घेऊन शिरू नका. हातपंप दिसतात, पण मार्चनंतर त्यातले कोरडे किती ते दांडा मारल्यावरच कळतं. गावात ‘पानी शे का भाऊ?’ एवढं विचारलं की माठ पुढे येतो, त्यात संकोच नको. नुसतं पाणी ढोसत राहणं हीही चूकच. घामातून मीठ जातं, आणि पोट पाण्यानं डचमळत असतानाही डोकं दुखायला लागतं, मळमळतं. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. सायकलची बाटली मात्र सहसा ६०० किंवा ७५० मिलिलिटरची. तीत अख्खी पुडी ओतली की पाणी वाजवीपेक्षा दाट होतं, त्यानं तहान वाढते आणि पोट बिघडतं. त्यासाठी लिटरची साधी बाटली वेगळी ठेवा. टेट्रापॅकमधलं गोड सरबत म्हणजे ओआरएस नव्हे. एप्रिल-मे महिन्यांत येऊच नका. पारा ४४-४५ वर असताना ‘स्वतःला आजमावायला’ येणाऱ्यांना शेवटी गावकऱ्यांनाच सावलीत ओढावं लागतं.

उतार

चढून झालं की सगळे मोकळे सुटतात. सामानासकट शंभर किलोच्या वर वजन, वळणावर वळण, आणि दोन्ही ब्रेक सतत धरलेले. रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर रिम तापून ट्यूब फुटू शकते. डिस्क असेल तर पॅड तापून काचेसारखे गुळगुळीत होतात आणि धरेनासे होतात. ब्रेक वळणाच्या आधी जोरात मारा आणि सोडा, पुन्हा मारा आणि सोडा. अर्ध्या घाटात दहा मिनिटं थांबा. तापलेल्या डिस्कवर बाटलीतलं पाणी ओतणारे महाभाग आहेत. डिस्क वाकडी होते आणि मग गावापर्यंत किरकिर. पॅडची जाडी एक मिलिमीटरवर आली असेल तर घाटाच्या आधी बदला. नवे पॅड घरूनच आणा, तालुक्याला ते मिळणार नाहीत.

नकाशा

मोबाइलवर तळोदा ते धडगाव चांदसैली घाटानं जवळ दिसतं. अंतर कमी आहे हे खरं, पण चढ अंगावर येणारा आहे आणि पावसाळ्यात दरडी पडतात. अक्कलकुव्याकडून देवगोई घाटानं मोलगीकडे जाणाऱ्या रस्त्यावरही पावसाळ्यानंतर आधी चौकशी करा. चौकशी एसटीच्या ड्रायव्हरकडे. चहाच्या टपरीवर ‘हे काय, इथेच’ म्हणतात ते अंतर मोटारसायकलचं असतं. घाटात नेटवर्क जातं, नकाशा आधीच उतरवून घ्या. आणि पुढे २८ दात्यांचं चक्र असेल तर मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राला निदान ३४ हवेत, नाहीतर हे रस्ते ढकलतच चढावे लागतील.

बाकीचं थोडक्यात

खान्देश गरम म्हणून डिसेंबरात पातळ चादर घेऊन तोरणमाळला जाऊ नका. सातपुड्यात डाब गावाच्या बाजूला थंडीत कधी कधी दव गोठतं.

पाऊस पडून गेल्यावर काळ्या मातीच्या शेतवाटेत शिरू नका. मडगार्डमध्ये माती भरून चाक फिरत नाही. तरीही पायडल रेटलं तर मागचा गिअर ज्या पट्टीवर टांगलेला असतो तो हँगर तुटतो, आणि तो सुटा भाग जळगावातही मिळेलच असं नाही.

घाटाच्या आदल्या रात्री शेवभाजीवर आडवा हात मारू नका. ती परतताना खा. आदल्या रात्री खिचडी किंवा कळण्याची भाकरी.

ऊसतोडीच्या दिवसांत शहाद्याच्या आसपास अंधारात निघू नका. ट्रॉलीला मागे दिवा नसतो. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, तेव्हा साडेसहाची सुरुवात पुरे. पहाटे पाचचा आग्रह फेब्रुवारीच्या मध्यापासून पुढचा, आणि तोही पुढे-मागे दिवे आणि चमकणारं जाकीट असेल तरच.

बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर केळीच्या ट्रकना घाई असते, माल खराब होतो त्यांचा. आरशात ट्रक दिसला की कडेला सरका, हक्क दाखवत बसू नका.

रेल्वेनं येणार असाल तर सायकल पार्सल ऑफिसात तिकिटावर लगेज म्हणून बुक करा आणि नाव, फोन, स्टेशन पुठ्ठ्यावर लिहून पुढे-मागे दोन्हीकडे बांधा. पायडल काढून पिशवीत घ्या, हँडल आडवं फिरवा. उतरायचं स्टेशन गाडी नीट थांबते असं निवडा, जसं भुसावळ. दोन मिनिटांच्या थांब्यात पार्सलचा डबा उघडेपर्यंत गाडी हलते आणि सायकल पुढच्या जंक्शनला जाते. ती परत आणायला एक दिवस मोडतो.