हॉस्टेलची घंटा हळूहळू बंद कशी करायची

मागच्या पावसाळ्यात रात्री साडेअकराला फोन आला, आमच्याकडून दोनच महिन्यांपूर्वी बाहेर पडलेला पोरगा, आणि प्रश्न काय तर "सर, अंगात ताप असताना आंघोळ केली तर चालते का?" म्हटलं किती दिवस झाले तापाला, तर म्हणे पाच. नालासोपाऱ्याला चौघांनी मिळून खोली घेतलेली, त्यातले दोघं नाइट शिफ्टला, एक गावी गेलेला, आणि हा पठ्ठ्या पाच दिवस बिस्किटं आणि मित्राने दिलेल्या कुठल्याशा पेनकिलरवर पडून. टेस्ट केली तर डेंग्यू. डेंग्यूत पॅरासिटॅमॉल सोडून दुसऱ्या पेनकिलर घेतल्या तर रक्तस्रावाचा धोका वाढतो हे त्याला कोण सांगणार, दोन वर्षं आमच्याकडे होता तेव्हा ताप आला की कपाळाला हात मीच लावायचो, टॅक्सी मीच करायचो आणि मेसच्या मावशी पेज करून द्यायच्या. पोरगा आता ठणठणीत आहे, पण बारावीला ८८ टक्के पाडलेल्या पोराला केसपेपर कसा काढतात ते माहीत नव्हतं, आणि ही चूक सरळसरळ माझी.

मी परळ भागातल्या एका हॉस्टेलवर १४ वर्षं रेक्टर आहे. अकरावी-बारावीची पोरं, रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडची जास्त, थोडी साताऱ्याची, दोन-चार नंदुरबारची. हे लिहितोय ते असंच काम करणाऱ्यांसाठी, म्हणजे रेक्टर, सरकारी वसतिगृहातले गृहपाल, बालगृहातले ताई-दादा, आणि ज्यांचं पोरगं हॉस्टेलला आहे त्या आईबाबांनी पण वाचलं तरी चालेल, थोडा राग येईल कदाचित.

स्वतःचं स्वतः करायला शिकवायची सुरुवात बारावीच्या जूनमध्येच करा. फेब्रुवारी-मार्चला बोर्ड, मग सीईटी, नीट, त्यामुळे दिवाळीनंतर पोरांच्या डोक्यात दुसरं काही शिरत नाही, आणि परीक्षा संपल्यावर शिकवू म्हणाल तर शेवटचा पेपर टाकून पोरं त्याच रात्री कोकणकन्या पकडतात. हातात खरे पाच-सहा महिने असतात.

आधी घंटा

आमच्याकडे साडेपाचला घंटा व्हायची, साडेसातला नाश्त्याची, रात्री दहाला लाइट बंदची. बारावीच्या मजल्यावरची घंटा मी जूनपासून बंद करतो. पहिले दोन आठवडे नुसता गोंधळ असतो, कॉलेज बुडतं, प्रॅक्टिकल बुडतं, एक जण तर ट्यूशनच्या टेस्टच्या दिवशी साडेअकराला डोळे चोळत खाली आला आणि मलाच विचारतो, सर उठवलं का नाही. उठवायचं नाही. मोह खूप होतो, दारावर थाप मारायला हात शिवशिवतात, पण नाही. नाश्ता साडेआठला बंद म्हणजे बंद, मग खाली गाडीवर जाऊन स्वतःच्या पैशाने वडापाव खायचा. पालकांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर कॉलेजमधून गैरहजेरीचा मेसेज गेला की फोन आपल्याला येतो, "तुम्ही तिथे बसून करता काय?"

फक्त एक लक्षात ठेवा, घंटा बंद केली म्हणजे नजर बंद करायची नाही, उलट या दिवसांत जास्त फिरतो मी मजल्यावर, काहीतरी निमित्त काढून, बल्ब बघायला आलो, पंखा बघायला आलो. बहुतेक पोरं तिसऱ्या आठवड्यापर्यंत मोबाइलच्या अलार्मवर उठायला लागतात. जो तेव्हाही उठत नाही, जेवायला येत नाही, कपडे धुवायचे टाकून दिलेत, क्रिकेटला बोलावलं तर कूस बदलतो, तो आळशी आहे असं समजू नका. त्याच्याकडे पुढे येतो.

पैसे आणि कागद

घरून आलेले पैसे आधी आठवड्याच्या हिशोबाने पोराच्या हातात द्या, गणपतीनंतर पंधरा दिवसांचे एकदम, आणि दिवाळीनंतर महिन्याचे. नऊ तारखेला संपले तर संपले, मेसमध्ये जेवण आहे, उपाशी कोणी राहत नाही, वरून टाकायचे मात्र नाहीत. आईबाबांना हेच सगळ्यात जड जातं, गुपचूप यूपीआय करतात, मला नंतर कळतं.

यूपीआयवरून आठवलं, दोन गोष्टी पाठ करून घ्या. पैसे येताना पिन कधीच टाकावा लागत नाही, टाका म्हणाला की समोरचा चोर. आणि दुसरी, जी मला हल्ली जास्त काळजीची वाटते: "तुझं अकाउंट महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो." अठरा पूर्ण झालेल्या, नवीन खातं उघडलेल्या पोरांनाच गाठतात हे लोक. त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरवतात, खातं गोठतं, आणि पोलीस येतात ते ज्याच्या नावावर पासबुक आहे त्याच्याकडे. आमच्या एका पोराला असा "पार्टटाइम जॉब" मिळाला होता, नशीब त्याने पासबुकाचा फोटो पाठवायच्या आधी मला दाखवलं. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, लगेच फोन, उद्या बघू नाही, पहिले काही तासच कामाचे असतात.

कागदांची फाइल पोराच्या हातात द्यायच्या आधी एकदा त्याला समोर बसवून उघडा. आधारला मोबाइल नंबर कोणाचा जोडलाय ते बघा, दहातल्या सहांचा तरी गावी वडिलांचा असतो, वडील शेतावर, तिथे रेंज नाही, आणि ओटीपी दहा मिनिटांत मरतो, असे स्कॉलरशिपचे फॉर्म अडकलेले बघितलेत मी. आधारचं १५ वर्षांनंतरचं बायोमेट्रिक अपडेट पण बऱ्याच जणांचं राहिलेलं असतं. अठरा झाल्यावर बँकेत जाऊन नव्याने सही आणि केवायसी द्यावी लागते, नाहीतर लहानपणीचं खातं मधेच थांबतं. पॅन लहानपणी काढलं असेल तर त्यावर फोटो-सही नसते, ते अपडेट करायचं. मतदार नोंदणीचा नमुना ६ सतरा पूर्ण झाल्यावर आधीच भरून ठेवता येतो. जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, डोमिसाइल, एलसी, सगळ्याचे स्कॅन पोराच्या स्वतःच्या ईमेलवर, ट्यूशनच्या सरांच्या नाही. ज्यांना पुढे सरकारी वसतिगृह मिळणार नाही त्यांना स्वाधार, स्वयम, पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता या सरकारी योजनांतलं आपल्याला काय लागू आहे ते स्वतः शोधायला लावा. अर्ज आपण भरून देऊ नका, शेजारी बसा फक्त.

रविवारची खिचडी

रविवारी रात्री आमची मेस बंद असते. आधी बाहेरून पावभाजी यायची, आता बारावीची सहा-सात पोरं मावशींच्या हाताखाली स्वयंपाक करतात. मावशींचा पहिला नियम, गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, बाहेर निघायचं आणि मग गॅसगळतीच्या हेल्पलाइनला, १९०६ ला, फोन. दुसरा नियम, पातेलं ज्याने करपवलं त्यानेच घासायचं. खिचडी एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, साडेतीन-चार वाट्या पाणी, तीन शिट्ट्या, शिट्टी मोजताना मोबाइल बघायचा नाही. एवढं आलं की माणूस मुंबईत कुठेही जगतो. पोळ्या शिकवायच्या भानगडीत मी पडत नाही, पोळ्या विकत मिळतात.

पण मी रविवारी तिथे जाऊन बसतो ते खिचडीसाठी नाही. ऑफिसात बोलावून "काय रे, काही प्रॉब्लेम आहे का" विचारलं की उत्तर ठरलेलं, "नाही सर." तेच पोरगं लसूण सोलताना बोलतं. मागे एकाने अख्खा गड्डा सोलून झाला तरी हात थांबवला नाही, सालं तशीच चोळत बसला, आणि खाली बघूनच म्हणाला, "पप्पांनी माझ्यासाठी कर्ज काढलंय आणि मला इंजिनिअरिंग नकोय." मी काही बोललो नाही, दुसरा गड्डा त्याच्यासमोर सरकवला. तो पण सोलला त्याने आणि उरलेलं सगळं सांगितलं. अशा वेळी तोंडाकडे टक लावून बघायचं नाही, काम थांबवायचं नाही, आणि मुख्य म्हणजे "आमच्या वेळी" सुरू करायचं नाही. मला सवय आहे त्याची, जीभ चावून बसावं लागतं.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका. "सर कोणाला सांगणार नाही ना?" याला "नाही सांगणार" असं वचन देऊ नका. "तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाचं असेल तर मला सांगावंच लागेल, पण तुला आधी सांगून मग सांगेन" एवढंच म्हणा. अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं पॉक्सो कायद्याखाली बंधनकारक आहे, हॉस्टेलचं नाव, ट्रस्टींचं काय म्हणणं, हे मधे आणायचंच नाही.

आणि तो वर म्हटलेला, कूस बदलून झोपणारा. त्याला सरळ विचारा, "जगावंसं वाटत नाही असं मनात येतं का?" विचारल्याने डोक्यात नवीन काही घुसत नाही, उलट कोणीतरी विचारलं म्हणून पोरं रडतात आणि मोकळी होतात. हो म्हणाला तर त्या रात्री त्याला एकटा ठेवायचा नाही, घरी फोन, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः डॉक्टरकडे घेऊन जायचं, चिठ्ठी देऊन पाठवायचं नाही. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आमच्या जिन्यात भिंतीवर रंगाने लिहून ठेवलाय, कागद चिकटवला की पोरं फाडतात. मे-जूनमध्ये रिझल्टच्या दिवसांत पोरं गावी असतात, तेव्हा हे फोन आपल्याला करावे लागतात, विशेषतः ज्यांना कमी मार्क पडलेत त्यांना आधी.

दवाखाना आणि खोली

त्या नालासोपाऱ्याच्या प्रकारानंतर मी एक पद्धत पाडली. पावसाळ्यात हॉस्टेलच्या पोरांना गजकर्ण होतंच, ओले कपडे, एकमेकांचे टॉवेल. आता बारावीच्या पोराला खाज सुटली की मी बरोबर जात नाही, सकाळी लवकर एकट्याला केईएमच्या ओपीडीला पाठवतो. केसपेपरची लाइन, मग स्किनची लाइन, मग औषधाची. पहिला पोरगा दोन वाजता वैतागून परत आला, पण दुसऱ्या वेळी त्यानेच एका अकरावीच्या पोराला नेलं. मेडिकलवाल्याला विचारून मलम आणायला सक्त मनाई, स्टेरॉइडवाल्या मलमाने चार दिवस बरं वाटतं आणि मग दुप्पट पसरतं. दोन दिवसांपेक्षा जास्त ताप राहिला तर रक्त तपासायचं. साचलेल्या पाण्यातून चालून आलात, आणि पायाला जखम असेल तर नक्कीच, ७२ तासांच्या आत डॉक्टरकडे जाऊन लेप्टोची प्रतिबंधक गोळी घ्यायची, महापालिका दर वर्षी सांगते, ऐकत कोणी नाही.

खोली शोधणं तर प्रत्यक्षच शिकवावं लागतं. नोव्हेंबरमध्ये एका रविवारी मी तीन-चार पोरांना घेऊन खरोखर खोल्या बघायला जातो, कधी डोंबिवली, कधी घणसोली, घ्यायची नसते, फक्त बघायची. पोरं भाडं विचारतात आणि गप्प बसतात. पाणी किती वाजता येतं, किती वेळ, टॉयलेट कितीजणांत, लाइटबिल वेगळं की भाड्यात, डिपॉझिट परत कधी, चावी सगळ्यांना की एकालाच, हे मग मीच विचारतो आणि पुढच्या खोलीत त्यांना विचारायला लावतो. कॉट बेसिसवर, म्हणजे फक्त खाट भाड्याने, असेल तर कपाटाला कुलूप आहे का बघा. खोली बघायच्या आधी कोणी टोकन म्हणून क्यूआर पाठवला तर ब्लॉक. लिव्ह अँड लायसन्सचा करार रजिस्टर झालेला हवा, महाराष्ट्रात ते सक्तीचं आहे, आणि अठरा पूर्ण नसतील तर पोराच्या सहीला कायद्याने अर्थ नाही, करार वडिलांच्या नावाने. रात्री एकच्या पुढे पहाटेपर्यंत लोकल नसते, म्हणून उशिराची शिफ्ट घेणाऱ्याने आधी शेवटची गाडी बघायची, पगार मग.

माझे वडील मिलमध्ये लागले तेव्हा लालबागला गावकीच्या खोलीत राहायचे, एका खोलीत वीसेक माणसं, भिंतीला लावलेल्या ट्रंका, जेवण खानावळीत. नवीन आलेल्या पोराला कोणत्या पाळीला आंघोळ करायची, गावी मनीऑर्डर किती करायची, हे जुनी माणसं ओरडून शिकवायची. ८२ च्या गिरणी संपानंतर ते बरंचसं विरलं. कोकणातल्या पोरांना मी अजून सांगतो की तुमच्या गावच्या मंडळाची खोली मुंबईत आहे का ते घरी विचारा, दोघांना तरी अशी जागा मिळाली.

ज्या पोरांना परत जायला घरच नाही, म्हणजे बालगृहातून आलेली, त्यांचं वेगळं बघावं लागतं. अठरानंतर २१ पर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे आफ्टरकेअरची, सोय बाल न्याय कायद्यात आहे, त्याचा अर्ज वाढदिवसाच्या बऱ्याच आधी बालकल्याण समितीकडे लावून धरा. आणि दिवाळीत हॉस्टेल रिकामं होतं तेव्हा तो कुठे जाणार ते ऑक्टोबरमध्येच विचारा. आमच्याकडे अशा जुन्या पोरांसाठी एक खाट ठेवलेली असते, ट्रस्टींना तीन वर्षं समजवावं लागलं.

बाहेर पडल्यावरचे पहिले दीड-दोन महिने दर रविवारी पोराने फोन करायचा असं ठरवून घ्या. "कसा आहेस" विचारू नका, "मस्त" म्हणतात. काल रात्री काय जेवलास, रूमवर कोण कोण आहे, पाणी आलं का, असं विचारा, तीन रविवार सलग मॅगी आली की समजायचं. साधारण पाचव्या-सहाव्या रविवारी फोन येत नाही. तेव्हा लगेच आपण लावायचा नाही, सोमवार रात्रीपर्यंत थांबायचं, असं मी नवीन रेक्टरांना सांगतो. स्वतः मात्र रविवारी साडेनऊलाच "जेवलास का" म्हणून मेसेज टाकतो.